ॲव्हरेज घटलंय? गाडी गॅरेजात नेण्याआधी या चुका टाळा

"पूर्वी लिटरला अठरा द्यायची, आता चौदावर आली." ही तक्रार कुणी मांडली की पुढचे सल्लेही ठरलेलेच येतात. दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरून बघ, प्लग साफ करून घे, एअर फिल्टर बदल, टाकीत बाटलीतलं अमुक ओत. गाडी गॅरेजात जाते, बिल होतं, आणि महिन्याभराने आकडा पुन्हा चौदाच.

कारण शोध चुकीच्या टोकाकडून सुरू झालेला असतो. ॲव्हरेजच्या बहुतेक तक्रारींमध्ये पहिला घोळ मोजण्यात असतो, दुसरा उजव्या पायात, आणि उरलंसुरलं कारण बॉनेटखाली. आपण मात्र बॉनेट आधी उघडतो.

मोजतानाच होणारे घोळ

डॅशबोर्डवरचा आकडा हा अंदाज असतो. इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर इंधन मोजतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो खऱ्यापेक्षा काही टक्के जास्त ॲव्हरेज दाखवतो. इंधनाच्या काट्यावरून हिशेब करणं तर त्याहून वाईट. टाकीचा आकार वेडावाकडा असतो, गाडी चढावर उभी असली तरी काटा हलतो.

भरवशाची पद्धत जुनीच: टाकी फुल करा, ट्रिपमीटर शून्य करा, नेहमीसारखी गाडी वापरा, पुन्हा फुल करा, आणि कापलेलं अंतर दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की तिथेच थांबायचं, दोन्ही वेळा. "अजून थोडं बसेल" म्हणून गळ्यापर्यंत भरलं तर हिशेब तर बिघडतोच, शिवाय पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव इंधन जाऊन तो डबा खराब होऊ शकतो. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार टाक्यांचं एकूण अंतर आणि एकूण लिटर घ्या.

सरासरी काढतानाही फसगत होते. जाताना गाडीने १० दिले, तेवढंच अंतर परत येताना २०, तर सरासरी १५ येत नाही. १०० किलोमीटर जायला १० लिटर, परत यायला ५ लिटर. म्हणजे २०० किलोमीटरला १५ लिटर, ॲव्हरेज १३.३. वाईट फेरी सरासरीला आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त खाली खेचते.

याच गणिताची दुसरी बाजू रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवली होती. त्यांचा मुद्दा मैल आणि गॅलनमध्ये होता, पण किलोमीटर-लिटरलाही तो तंतोतंत लागू पडतो. एका गाडीचं ॲव्हरेज १० वरून १२ झालं आणि दुसरीचं २० वरून २५, तर कौतुक दुसरीचं होईल. पण १,००० किलोमीटरमागे पहिलीने जवळपास १७ लिटर वाचवले आणि दुसरीने १०. म्हणून सुधारणा करायची तर जिथे गाडी सगळ्यात कमी पळते तिथे करावी: रोजच्या कोंडीतल्या, तोकड्या, सकाळच्या थंड इंजिनाच्या फेऱ्यांमध्ये. हायवेवर २२ चे २३ झाल्याचा आनंद चांगला आहे, पण लिटर तिथे फारसे वाचत नाहीत.

कंपनीच्या आकड्याशी तुलना ही आणखी एक चूक. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या आलेखानुसार काढलेला असतो. युरोपात २०१७ पासून लागू झालेली डब्ल्यूएलटीपी चाचणी आधीच्या पद्धतीपेक्षा बरीच वास्तवाच्या जवळ आहे, पण तीही साधारण २३ किलोमीटरची, ३० मिनिटांची आणि एसी बंद ठेवून घेतलेली. दोन गाड्या एकमेकींशी ताडून बघायला हे आकडे उपयोगी आहेत. आपली गाडी मात्र तिच्याच मागच्या आकड्यांशी ताडावी.

नवे टायर घातल्यावर ॲव्हरेज पडलं म्हणून टायरवाल्याशी भांडणारेही असतात. झिजलेल्या टायरचं रबर पातळ असल्याने तो थोडा हलका फिरतो, शिवाय त्याचा घेरही कमी झालेला असतो. नवा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, पण ओडोमीटर फेरेच मोजतो, त्यामुळे नोंदलेलं अंतर एक-दोन टक्क्यांनी कमी भरतं. अलॉय व्हीलच्या हौसेपोटी मोठ्या घेराचे टायर घातले तर हा फरक आणखी वाढतो. त्यात रुंद टायर असतील तर खरी घटही त्यात मिसळते.

आणि इंधन तेच आहे का? इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. १० टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा ३ टक्क्यांच्या आसपास घटते, २० टक्के मिश्रणात ६ ते ७ टक्के. पंपावरचं मिश्रण बदललं असेल तर एवढी घट गाडीच्या माथी मारू नका.

ब्रेकच्या पॅडवर जाणारं इंधन

मोजमाप नीट करूनही आकडा कमीच येत असेल तर आता उजवा पाय. इथे थोडं गणित करू, कारण "सावकाश चालवा" हा सल्ला ऐकून सगळ्यांनाच कंटाळा आलेला आहे.

माणसांसह १,२०० किलो भरणारी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगात असेल, तर तिच्यात साधारण १६७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये ३२ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं. चाकांपर्यंत पाव भाग पोचला असं उदार मनाने धरू. म्हणजे शून्यावरून ६० वर यायला सुमारे २० मिलीलिटर पेट्रोल फक्त वेग साठवायला लागतं. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ते २० मिलीलिटर डिस्क तापवून हवेत जातं. अशा पन्नास थांब्यांत एक लिटर.

इंधन वाचवायचं म्हणजे बहुतांशी ब्रेक वाचवायचा. पुढचा सिग्नल लाल दिसतोय, तरी ॲक्सिलरेटर दाबून तिथपर्यंत धावायचं आणि मग कचकन थांबायचं, यात वेळ एक सेकंदही वाचत नाही. शंभर-दीडशे मीटर आधीच पाय उचलला तर गाडी गिअरमध्येच हळू होत जाते, आणि पोचेपर्यंत सिग्नल सुटलाच तर २० मिलीलिटरऐवजी पाच-सात मिलीलिटरमध्ये पुन्हा वेग येतो. पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून चालवणाऱ्याला ही सोयच उरत नाही. पुढच्याने ब्रेक मारला की त्याला मारावाच लागतो. अंतर ठेवलं की बरेचसे ब्रेक टळतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते धसमुसळ्या चालवण्याने हायवेवर १५ ते ३० टक्के आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत १० ते ४० टक्के ॲव्हरेज घटू शकतं. बाजारातल्या कुठल्याही बाटलीत एवढी ताकद नाही.

याचा अर्थ गाडी बैलगाडीसारखी सुरू करा असा नाही. ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत राहणं हीसुद्धा चूकच. पेट्रोल इंजिन मिनिटाला कमी फेऱ्यांवर (आरपीएम) आणि मध्यम भाराखाली जास्त कार्यक्षम असतं. पाय मध्यम दाबा, गिअर लवकर वर न्या, हवा तो वेग गाठला की पाय सैल सोडा. पेट्रोल गाडीत सपाट रस्त्यावर २,००० ते २,५०० फेऱ्यांच्या दरम्यान गिअर बदलायला हरकत नसते, डिझेलमध्ये त्याहून आधी. मात्र चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी घरघरत, थरथरत ओढायला लावणं म्हणजे बचत नव्हे. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांना तर कमी फेऱ्यांवर पूर्ण पाय दाबलेला अजिबात सोसत नाही. सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होऊन पिस्टनला इजा होण्याचा धोका असतो.

उतारावर न्यूट्रल करणं ही सगळ्यात चिवट सवय. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यांत्रिक भागाच्या, काळात तिला थोडाफार आधार होता. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय उचलला की इंजेक्टर बंद होतात. चाकंच इंजिन फिरवत असतात, त्यामुळे आयडलच्या (उभ्या गाडीत इंजिन ज्या संथ गतीने फिरतं तिच्या) जरा वरच्या फेऱ्यांपर्यंत इंधन जवळपास शून्य लागतं. न्यूट्रल केलं की इंजिनाला आपलं आयडल टिकवायला पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च जास्त, आणि वर इंजिन ब्रेकिंग गेल्याने उतारावर सगळा भार ब्रेकवर. चावी बंद करून उतरणं तर निव्वळ वेडेपणा: दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि चावी मागे फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

मोकळ्या रस्त्यावरचा शत्रू वेगळा, हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो ५६ टक्क्यांनी जास्त, १२० ने गेलात तर सव्वादोनपट. ३० किलोमीटरच्या टप्प्यात ८० आणि १०० मध्ये वेळेचा फरक पडतो साडेचार मिनिटांचा. तेवढी घाई असेल तर जरूर जा, पण मग त्या दिवशीच्या ॲव्हरेजबद्दल कुरकुर नको.

उभी गाडी शून्य देते

गाडी उभी असताना इंजिन चालू असेल तर ॲव्हरेज शून्य किलोमीटर प्रति लिटर. छोटं पेट्रोल इंजिन आयडलवर तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पितं, मोठं इंजिन आणि एसी असेल तर लिटरच्या पुढे. कुणाची वाट बघत दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवणाऱ्यांचा युक्तिवाद असतो की पुन्हा स्टार्ट करायला जास्त पेट्रोल लागतं. तसं नाही. दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर बंद करून पुन्हा सुरू करण्यातच कमी इंधन जातं. अर्थात रहदारीत दर दहा सेकंदांना चावी फिरवत बसायचं नाही. ती कटकट स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाड्यांनाच करू द्यावी, त्यांची बॅटरी आणि स्टार्टर त्यासाठीच दणकट बनवलेले असतात.

सकाळी पाच मिनिटं "इंजिन गरम करणं" हेही कार्ब्युरेटरबरोबर जायला हवं होतं. अर्धा मिनिट पुरे, मग पहिले काही किलोमीटर हळुवार चालवा. चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं. थंड इंजिनाला पेट्रोलचं प्रमाण जास्त लागतं आणि गार तेल घट्ट असतं. त्यामुळे दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये ॲव्हरेज कोसळतं, ते बिघाडामुळे नाही. दिवसभरातली चार छोटी कामं गाडी तापलेली असताना एका फेरीत उरकता आली तर त्यासारखा उपाय नाही. कोपऱ्यापर्यंत गाडी काढायचीच कशाला, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

टायर, ओझं, एसी

टायरमधल्या हवेबद्दल जरा अतिरंजित बोललं जातं. हवा सरासरी एक पीएसआयने कमी झाली तर ॲव्हरेज साधारण ०.२ टक्क्याने घटतं. म्हणजे हवा ३३ ची २५ झाली तरी दीड टक्क्याच्या आसपास. अठराचे चौदा त्याने होत नाहीत. तरीही हवा तपासायचीच, कारण कमी हवेने टायरच्या कडा झिजतात, टायर तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो. आकडा दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्यावा. टायरवर छापलेला असतो तो त्याचा कमाल दाब. हवा टायर थंड असताना मोजायची. धावून आलेल्या टायरमध्ये दाब काही पीएसआयने वाढलेला असतो. तो "जास्त झाला" म्हणून सोडून दिला की सकाळी टायर कमी हवेवर.

डिकीतलं ४५ किलो ओझं सुमारे एक टक्का खातं, छोट्या गाडीत थोडं जास्त. टपावरच्या पेटीचं प्रकरण मात्र गंभीर आहे. मोठी, बोथट तोंडाची पेटी शहरात २ ते ८ टक्के नेते, पण ताशी १०५ ते १२० च्या वेगात १० ते २५ टक्के. प्रवास संपला की पेटी उतरवावी, रिकामं कॅरिअरसुद्धा.

एसी की खिडक्या, हा वाद वेगावर सुटतो. शहरातल्या हळू वेगात खिडक्या उघड्या ठेवणं स्वस्त. हायवेवर उघड्या खिडक्यांनी हवेचा विरोध वाढतो, तिथे एसी लावून काचा वर घेणं बरं. कडक उन्हात तापलेली गाडी थंड करताना, विशेषतः छोट्या फेरीत, एसी २५ टक्क्यांहून जास्त ॲव्हरेज खाऊ शकतो. म्हणून सावलीत उभी करा, निघताना पहिलं मिनिटभर खिडक्या उघडून आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा आणि गारवा आला की हवा आतल्या आत फिरवणारं बटण दाबा.

जिथे पैसे उगाच जातात

एअर फिल्टर बदलून ॲव्हरेज वाढतं, असं प्रत्येक गॅरेजात सांगतात. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये हे तपासलं. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरचा ॲव्हरेजवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. हवा कमी आली की सेन्सर ते ओळखतो आणि कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल सोडतो. पिकअप तेवढा मंदावतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत मात्र फरक पडतो. फिल्टर वेळेवर बदला, इंजिनासाठी बदला, पण त्याने लिटरमागे दोन किलोमीटर वाढतील ही आशा नको.

जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल हाही तसाच प्रकार. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता. ज्या इंजिनासाठी मॅन्युअलात ते सांगितलेलं नाही, त्याला त्याचा उपयोग नाही. इंधनाच्या पाइपवर लावायची चुंबकं, डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये खोचायच्या चिप, टाकीत टाकायच्या गोळ्या यांच्याबद्दल एकच सांगतो: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरहून जास्त साधनं तपासली, आणि किंचित फायदा दिसला तो मोजक्याच साधनांत.

उलट, इंजिन ऑइलकडे कुणी बघत नाही. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात "जाड तेल चांगलं" म्हणून १०डब्ल्यू-३० भरलं तर एक-दोन टक्के जातात. त्याहून जाड तेल घातलं तर आणखी. मॅन्युअलात लिहिलेला ग्रेडच मागा.

घट अचानक आली असेल तर

वरच्या बहुतेक सवयी वर्षानुवर्षं चालत असतात, त्यांनी आकडा एका टाकीत पडत नाही. मोजमाप तेच, रस्ता तोच, चालक तोच, आणि ॲव्हरेज दोन-तीन टाक्यांत १५-२० टक्क्यांनी पडलं, तर आता बॉनेटची पाळी. त्याआधी नाकाचा उपयोग करा: पेट्रोलचा वास येत असेल तर गळती आहे, आणि तो प्रश्न ॲव्हरेजचा राहत नाही. गाडी चालवू नका, दुरुस्त करून घ्या.

नंतर ब्रेक. थोडं अंतर ब्रेक कमी वापरत चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ तळहात न्या, धातूला हात लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, अडकलाय. मागची दोन्ही तापली असतील तर हँडब्रेकची केबल जास्त ताणली असण्याची शक्यता आहे. सपाट जागी न्यूट्रलमध्ये ढकलून बघितलं तरी गाडी सहज सरकते की अडते ते कळतं.

तापमानाचा काटा बघा. नेहमीच्या जागी यायला फार वेळ लागत असेल, किंवा मोकळ्या रस्त्यावर तो पुन्हा खाली जात असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंड करणारं पाणी अडवणारी झडप, उघडा राहिलाय. इंजिन थंडच आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देत राहतो. गाडी गरम होत नाही म्हणून मालक खूश असतो, हा यातला विनोद. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर याचा कोड बहुधा पी०१२८ असा येतो. फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, असं चढावर जाणवलं तर क्लच घसरतोय.

चेक इंजिन दिवा लागलेला असताना "गाडी तर नीट चालतेय" म्हणून महिनोन्‌महिने फिरवणं ही या टप्प्यावरची सगळ्यात महागडी चूक. ऑक्सिजन सेन्सरसारखा गंभीर बिघाड दुरुस्त केल्यावर ॲव्हरेजमध्ये ४० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. कधी कधी कारण टाकीचं झाकण नीट न बसल्याचंही निघतं, ते आधी बघा. सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी साचत असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त जातंय.

डिझेल गाडीत एक गोष्ट वेगळी. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, अधूनमधून जास्तीचं डिझेल जाळून आतली काजळी साफ करतो, त्या वेळी ॲव्हरेज पडणारच. छोट्याच फेऱ्या होत असतील तर ही सफाई अर्धवट राहून पुन्हा पुन्हा सुरू होते. अशा गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एकसारखी पळू द्यावी.

मेकॅनिककडे गेल्यावर "ट्यूनिंग करून टाक" म्हणू नका. आधीच्या आणि आताच्या टाक्यांचे आकडे लिहून न्या, घट कधीपासून ते सांगा, आणि स्कॅनर लावून इंजिन गरम असतानाचे फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय ते आकडे) वाचायला सांगा. दीर्घकालीन ट्रिम उणे १० टक्क्यांच्याही खाली गेला असेल तर कॉम्प्युटर पेट्रोल कापतोय, म्हणजे कुठून तरी जास्त येतंय: गळका इंजेक्टर किंवा इंधनाचा वाढलेला दाब. अधिक १० च्या वर असेल तर तो पेट्रोल वाढवतोय, मग बाहेरून हवा ओढली जातेय का, की हवेचा सेन्सर मळलाय, ते तपासावं लागेल. ट्रिम शून्याच्या जवळपास असेल तर प्लग, फिल्टर, इंजेक्टर यातलं काही बदलू देऊ नका.